पासवर्ड बरोबर, तरी गिट आत का घेत नाही?

कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर गिटलॅब बसवलेलं असतं. ब्राउझरमधून लॉगिन व्यवस्थित होतं, पण टर्मिनलवरून क्लोन किंवा पुश करायला गेलं की ‘ॲक्सेस डिनाइड’. तोच पासवर्ड पुन्हा टाकला जातो, मग आणखी एकदा, अगदी सावकाश. शेवटी टीममधलं कुणीतरी एक कमांड पाठवतं, ती न वाचता चिकटवली जाते आणि काम सुरू होतं. मला सगळ्यात जास्त काळजी या शेवटच्या पायरीची वाटते. अशा सांगोवांगीच्या उपायांमागे काही पक्के गैरसमज आहेत आणि त्यातले एक-दोन कंपनीचा सगळा कोड उघड्यावर आणू शकतात.

गैरसमज : ब्राउझरमध्ये चालणारा पासवर्ड टर्मिनलमध्येही चालायलाच हवा.

ब्राउझरमध्ये तुम्ही बहुधा गिटलॅबला पासवर्ड देतच नाही. तो कंपनीच्या सिंगल साइन-ऑनच्या पानावर दिला जातो, मोबाइलवरचा कोड तिथेच विचारला जातो आणि ‘ही व्यक्ती खरी आहे’ एवढाच निरोप गिटलॅबला मिळतो. टर्मिनलमधलं गिट एचटीटीपीएसवरून थेट युजरनेम आणि पासवर्ड पाठवतं. मोबाइलवरचा कोड विचारायची सोय त्या वाटेवर नसते. म्हणून खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली असेल, तर अचूक पासवर्डही नाकारला जातो. गिटहबने तर 13 ऑगस्ट 2021 पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणं सगळ्यांसाठीच बंद केलं.

पासवर्डच्या जागी द्यायचं असतं ते पर्सनल ॲक्सेस टोकन. ते गिटलॅबच्या प्रोफाइलमधून तयार करता येतं. तयार करताना त्याला काय काय करू द्यायचं ते निवडावं लागतं. नुसतं वाचायची मुभा दिली तर क्लोन होईल, पुश होणार नाही. आणि मुदतीकडे लक्ष हवं. 2023 साली आलेल्या 16.0 आवृत्तीत गिटलॅबने बिनमुदतीची टोकन बंद केली. प्रशासकाने वेगळी सोय केली नसेल, तर टोकन कधी ना कधी संपतंच. ‘कालपर्यंत चालत होतं, मी काहीच बदललं नाही’ ही तक्रार अनेकदा अगदी खरी असते. बदललेली असते ती फक्त तारीख.

जाता जाता : पासवर्ड किंवा टोकन टाकताना पडद्यावर एकही अक्षर, एकही टिंब दिसत नाही. कीबोर्ड बंद पडलेला नसतो.

गैरसमज : गिटच्या कॉन्फिगमध्ये नाव आणि ईमेल नीट भरलं की लॉगिन होईल.

त्या दोन ओळींचा लॉगिनशी संबंध नाही. कमिटवर लेखक म्हणून कोणाचं नाव उमटावं, एवढंच त्या ठरवतात. तिथे कुणीही काहीही लिहू शकतं.

गैरसमज : नाकारलं म्हणजे पासवर्डच चुकला.

सर्व्हरच्या नकाराचे प्रकार आहेत आणि आकडा वाचला तर अर्धं निदान तिथेच होतं. 401 म्हणजे ओळख पटली नाही. 403 म्हणजे ओळख पटली, पण हे करायची परवानगी नाही. 407 आला तर गिटलॅबला दोष देऊ नका. तो कंपनीच्या प्रॉक्सीचा नकार आहे. गिटलॅबमध्ये आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. तुम्ही सदस्य नसलेला खाजगी प्रोजेक्ट अस्तित्वात आहे, हेसुद्धा ते तुम्हाला कळू देत नाही. ‘प्रोजेक्ट सापडला नाही’ असंच सांगतं. पत्त्याचं स्पेलिंग तासभर तपासण्याआधी प्रोजेक्टच्या मालकाला आपण सदस्य आहोत का ते विचारावं.

401 आणि 403 मधला फरक आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. विंडोजचा क्रेडेन्शियल मॅनेजर किंवा मॅकची कीचेन टोकन साठवून ठेवते. 401 आला की गिट त्यांना ते विसरायला सांगतं. 403 आला तर सांगत नाही, कारण ओळख तर पटलेली असते. म्हणजे दुसऱ्याच खात्याचं टोकन तिथे साठलेलं असेल, तर गिट दर वेळी तेच गुपचूप पाठवत राहतं आणि तुम्हाला काही विचारतही नाही. अशा वेळी ती नोंद हाताने काढावी लागते. पासवर्ड बदलल्यावर खातं वारंवार लॉक होत असेल, तर एखादा एडिटर किंवा बिल्डचं मशीन मागे जुनाच पासवर्ड पाठवत बसलं आहे का ते आधी पाहावं.

गैरसमज : एसएसएचच्या पत्त्यात आपलं युजरनेम लिहायचं असतं.

तिथे सगळ्यांसाठी बहुधा ‘गिट’ हेच नाव असतं. तुम्ही कोण, हे तुमच्या कीवरून ठरतं. प्रायव्हेट कीची फाइल मशीनवरच्या इतरांना वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरतच नाही. तिची परवानगी 600 हवी. एजंटमध्ये पुष्कळ की भरलेल्या असतील, तर योग्य कीची पाळी येण्याआधीच सर्व्हर कंटाळतो, कारण ओपनएसएसएचची प्रयत्नांची मर्यादा मुळात सहा असते. आणि 2021 च्या 8.8 आवृत्तीने आरएसए की बाद केल्या, हेही खरं नाही. बंद झाली ती त्यांच्याबरोबर वापरली जाणारी जुनी शा-1 सही. सर्व्हर जुनाट नसेल तर आरएसए की आजही चालते.

गैरसमज : सर्टिफिकेटची तपासणी बंद केली की प्रश्न सुटला.

हाच तो सगळ्यात घातक उपाय. कंपनीच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट बरेचदा कंपनीनेच दिलेलं असतं. ब्राउझर विंडोजच्या यादीवर विश्वास ठेवतो, त्या यादीत कंपनीचं नाव असतं. गिट मात्र अनेकदा स्वतःबरोबर आलेली वेगळी यादी वापरतं, म्हणून अडतं. तपासणी बंद केली की पलीकडे कोण आहे हे न बघताच गिट तुमचं टोकन देऊन टाकतं. आणि हे सेटिंग ‘ग्लोबल’ केलं असेल, तर फक्त कंपनीच्याच नव्हे, प्रत्येक सर्व्हरच्या बाबतीत. नीट उपायाला तेवढाच वेळ लागतो : विंडोजवर गिटला ‘एसचॅनल’ वापरायला सांगा, किंवा आयटी विभागाकडून कंपनीचं रूट सर्टिफिकेट घेऊन त्याचा पत्ता गिटला द्या.

‘होस्ट की बदलली आहे’ हा एसएसएचचा इशाराही असाच झटकला जातो. मार्च 2023 मध्ये गिटहबची आरएसए होस्ट की थोडा वेळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडली आणि 24 तारखेला ती बदलावी लागली. त्या दिवशी अनेकांना हा इशारा दिसला. गिटहबने नव्या कीचा फिंगरप्रिंट जाहीर केला होता. तो जुळवून पाहूनच पुढे जायचं होतं. कंपनीतही तेच करा. फिंगरप्रिंट सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून, फोनवर किंवा समोरासमोर घ्या.

एवढं करूनही अडलं, तर आयटी विभागाला ‘लॉगिन होत नाही’ एवढंच लिहू नका. रिमोटचा पत्ता, पूर्ण एरर मेसेज आणि नेमकी वेळ कळवा. त्या वेळेवरून सर्व्हरच्या लॉगमध्ये तुमची नोंद शोधता येते. टोकन किंवा प्रायव्हेट की मात्र कुणालाही पाठवू नका, मदत करणाऱ्यालासुद्धा. चुकून पाठवलीच, तर ती लगेच रद्द करून नवी तयार करा.