घोड्याची जखम आणि न टिकणारी पट्टी

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूर परिसरात घोडा आता दळणवळणाच्या कामी फारसा उरलेला नसला, तरी लग्नाच्या वराती आणि मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातील माळेगावी भरणारी, जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेली खंडोबाची यात्रा यांमुळे त्याचे या भागातले येणे-जाणे थांबलेले नाही. टेम्पोतून उतरताना तो फळीला घासतो, बांधावरच्या काटेरी तारेत अडकतो, खोगिराच्या काचाने त्याची पाठ सोलवटते. आणि यांतल्या बऱ्याच जखमा नेमक्या पट्टी न टिकणाऱ्या जागी होतात.

आयाळ संपते तिथला पाठीचा उंचवटा, छाती, पुढच्या पायाची काख आणि मांडीचा वरचा भाग या त्या जागा होत. तेथे पट्टीला वेढा घालण्याजोगा आधार नसतो. धडाभोवती गुंडाळलेले कापड श्वासागणिक सैल होते आणि घोडा एकदा लोळला की सुटून येते. ते आवळून बांधावे, तर खालच्या कातडीचा रक्तपुरवठा अडतो आणि जुन्या जखमेशेजारी नवी तयार होते.

यावर पशुशल्यचिकित्सेतला उपाय असा की पट्टी शरीराला न गुंडाळता जखमेभोवतीच्या कातडीलाच बांधावी. घोड्याला गुंगीचे औषध देऊन आणि कातडी बधिर करून घेतल्यावर जखमेत पाण्यात विरघळणारी जेली भरतात, म्हणजे भोवतालचे केस कातरताना ते आत चिकटत नाहीत आणि धुताना जेलीबरोबर निघून जातात. धुण्यासाठी निर्जंतुक सलाइन वापरतात. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने जखम स्वच्छ झाल्यासारखी दिसते खरी, पण नव्याने वाढणाऱ्या पेशीही त्यात मरतात. मग जखमेच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर दूर, निरोगी कातडीत, जाड नायलॉनच्या धाग्याचे सैल फासे दोन्ही बाजूंना समोरासमोर घालतात. जखमेवर गॉज, त्यावर कापसाची गादी, आणि तिच्यावरून बुटाची नाडी ओवावी तशी फाशांतून आलटून-पालटून ओढलेली सुती फीत, अशी ही रचना असते. गादी बदलताना फक्त फीत सोडायची असते, फासे जागेवरच राहतात, त्यामुळे घोड्याला दर खेपेस टोचावे लागत नाही. या बांधणीची खरी करामत औषधापेक्षा या फाशांतच आहे.

मागच्या पायाच्या मधल्या सांध्याची, म्हणजे हॉकची, अडचण वेगळी. तेथे वेढा बसतो, पण सांधा सतत वाकत असल्याने पट्टी घसरते. तिला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे तिरके वेढे देतात आणि सांध्याच्या मागचे टोकदार हाड मुद्दाम उघडे ठेवतात, कारण दाबाने तेथली कातडी लवकर मरते. काखेतल्या खोल जखमेत तर चालण्याबरोबर हवा आत ओढली जाते आणि ती कातडीखाली पसरून अंग फुगते. म्हणून अशा घोड्याला जखमेत गॉज भरून पागेतच बांधून ठेवावे लागते.

गावाकडे हळद लावतात, अळ्या पडल्या तर टर्पेंटाइनचा बोळा ठेवतात. चाकूर तालुक्यातले वडवळ नागनाथचे बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध असल्याने पाल्याचा उपायही सहज सुचतो. या उपचारांना सरसकट हसण्याचे कारण नाही. मात्र लावलेले औषध जागेवर धरून ठेवण्याचा प्रश्न त्यांतल्या एकानेही सुटत नाही. शिवाय धनुर्वाताचे जंतू माती आणि लिदीत असतात, आणि पाळीव जनावरांत या रोगाला घोड्याइतके बळी पडणारे दुसरे जनावर नाही. तेव्हा धनुर्वाताची लस आधी पाहावी, पाला मग. जवळच उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, ही चाकूरकरांची मोठी सोय म्हणावी लागेल.

धडावरची जखम कातडी आकसून बरीचशी आपोआप मिटते. पुढच्या गुडघ्याखाली आणि हॉकखाली मात्र स्नायू नसतात, कातडी ताणलेली असते, आणि जखमेतून लालसर मांस कडांच्या वर फुगून येते. या वाढीव मांसात मज्जातंतू नसल्याने ते कापताना घोड्याला वेदना होत नाहीत, पण रक्तस्राव बराच होतो. म्हणून पशुवैद्य ते कातडीच्या पातळीपर्यंत छाटून लगेच दाबपट्टी बांधतात, आणि मांस पुन्हा वाढले तर पुन्हा छाटतात.