मांडवीकाठचा मोकळा मंडप

पणजीच्या कांपाल भागात, मांडवीच्या दक्षिण तीरावर, कला अकादमीची इमारत १९८३ साली उभी राहिली, त्याला आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आणि या अवधीत तिने गोमंतकीय समाजाला काय दिले याचा मागोवा घेऊ लागले की तिथे झालेल्या संगीत समारोहांची, नाट्यस्पर्धांची किंवा पाहुण्या कलावंतांची यादी डोळ्यांपुढे येण्याआधी त्या इमारतीच्या अंतर्रचनेचाच विचार मनात प्रथम येतो.

इमारतीच्या आधी संस्था आली. १९६१ च्या गोवामुक्तीनंतर, मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत, १९७० साली कला अकादमी स्थापन झाली. त्या वेळी देवळाच्या जत्रेत सभामंडपासमोर रात्ररात्र रंगणारी मराठी नाटके, कोंकणी तियात्राचा गाजता रंगमंच आणि चर्चच्या छायेत वाढलेले पाश्चात्त्य गायनवादन, ही तिन्ही एकाच मुलखात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत असूनही एका कलेचा श्रोता दुसरीच्या दाराशी क्वचितच जात असे. वैर असे कुणाचे नव्हते. परंतु प्रत्येक कलेचे आवार वेगळे होते, आणि ज्या आवारात आपले कुणी नाही तिथे पाऊल टाकावयास माणूस बिचकतो, हे तर सार्वत्रिकच आहे. मायेस्त्रो आंतोनियो द फिगेरेदो यांनी पोर्तुगीज अमदानीत, १९५२ साली सुरू केलेली पाश्चात्त्य संगीताची शाळा पुढे अकादमीच्याच छत्राखाली आली, आणि भारतीय संगीत, नृत्य व नाट्य यांचे विद्यार्थी तिच्या विद्यार्थ्यांचे शेजारी झाले. या सगळ्यांना एका छपराखाली कसे आणावयाचे, हा प्रश्न वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्यापुढे होता. त्यांचे घराणे बार्देशातील मयडे गावचे, आणि साबरमतीच्या गांधी स्मारक संग्रहालयाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

त्यांनी उत्तर दिले ते नाट्यगृहाच्या आत नव्हे, तर बाहेर. रस्त्यावरून येणाऱ्याच्या डोक्यावर प्रथम येते ते उघड्या तुळयांचे काँक्रीटचे प्रशस्त आच्छादन, ज्यातून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी फरशीवर उतरते आणि आपण आत आलो की अजून बाहेरच आहो याचा निवाडा चटकन होत नाही. तिथून दालन सरळ नदीकडे जाते. वाटेत जिने, कट्टे, भिंतींवर रंगवलेल्या आभासी कमानी, आणि शेवटी उपाहारगृह व पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या. तिकीट काढलेला आणि न काढलेला, तबल्याच्या वर्गाला आलेला मुलगा आणि नदीचा वारा खावयास आलेला वृद्ध, नटमंडळी आणि केवळ कुणाची वाट पाहत थांबलेला, असे सारे याच वाटेने जातात. मला असे निश्चितपणे वाटते की चार दशकांत या वास्तूने माणसे जोडली ती मुख्यतः या मधल्या, कोणत्याही कार्यक्रमासाठी न नेमलेल्या जागेत. कारण प्रेक्षागृहात माणसे शेजारी बसतात खरी, पण तोंडे सगळ्यांची रंगमंचाकडे असतात, आणि ओळख होते ती कट्ट्यावर, चहाचा पेला हातात असताना. गोव्याच्या जुन्या घरापुढचा बाल्कांव, जिथे घरचा माणूस आणि वाटेवरचा माणूस समोरासमोर बसून बोलतात, तोच येथे सार्वजनिक प्रमाणावर विस्तारला आहे.

इमारतीची उंचीही जाणूनबुजून बेताची ठेवलेली आहे. शासकीय वास्तूला जो एक दरारा असावा असा आपल्याकडे दंडक पडला आहे, तो येथे नाही, आणि तो नसण्यास फार मोठे धैर्य लागते.

आत गेल्यावर सुमारे हजार आसनांचे मुख्य नाट्यगृह आहे. मंगेशीत जन्मलेल्या मास्टर दीनानाथांचे नाव त्याला दिलेले आहे, हे औचित्याचेच. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी जुन्या नाट्यगृहातील सज्जे आणि त्यांत बसलेली गोमंतकीय मंडळी रंगविली आहेत. सजावट म्हणून ही चित्रे मनोहर आहेतच, पण त्यांचे खरे कार्य मला वेगळे वाटते: प्रयोगाला चार माणसे आली असली किंवा दुपारी रिकाम्या गृहात तालीम चालली असली, तरी नटाला समोर ओस भिंती दिसत नाहीत, आणि प्रथमच आलेल्या खेडूत प्रेक्षकाला, आपल्यासारखीच माणसे येथे आपल्या आधी येऊन बसली आहेत असे पाहून, अवघडलेपण उरत नाही. याखेरीज सुमारे दोन हजार माणसे बसतील असे खुले प्रेक्षागृह, प्रायोगिक नाटकांसाठी छोटी रंगशाळा, आणि वरच्या मजल्यावर शिक्षणाचे वर्ग. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला, आणि या दालनांतून परदेशी पाहुणेही वावरू लागले.

मग २०१९ साली खुले प्रेक्षागृह पाडण्याची तजवीज जाहीर झाली आणि कलावंत, वास्तुशिल्पी व सामान्य पणजीकर अशा सर्वांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. पाडकाम टळले, पुढे दुरुस्तीसाठी इमारत बंद झाली, आणि काम चालू असतानाच २०२३ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, खुल्या रंगमंचावरील छताचा भाग कोसळला. जीवितहानी झाली नाही ही दैवाची कृपा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दारे पुन्हा उघडली, तेव्हापासून ध्वनी आणि प्रकाश यांच्या यंत्रणेविषयी कलावंतांच्या तक्रारी चालू आहेत, आणि त्या रास्तच आहेत, कारण गायकाचा षड्ज मागच्या रांगेपर्यंत शुद्ध पोहोचला नाही तर नाट्यगृहाच्या बाकी सौंदर्याला अर्थ नाही.

परंतु दुरुस्तीची पाहणी करणाऱ्यांनी यंत्रांच्या सोबतीने आणखी एक तपासणी कागदावर मांडावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे: संध्याकाळी कार्यक्रम नसताना रस्त्यापासून नदीपर्यंत कुणालाही अडथळ्यावाचून चालत जाता येते की नाही, कट्टे बसण्यास मोकळे आहेत की कुंड्यांनी व फलकांनी अडविले आहेत, उपाहारगृहातला चहा विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतो की नाही, आणि दारावरचा पहारेकरी येणाऱ्याला काम काय म्हणून विचारतो की नाही.