जाळीदार छत आणि प्रकाश

जुन्या वास्तूंतील दगडी जाळ्या तुम्ही पाहिल्या असतील. फत्तेपूर सिक्री येथील सलीम चिश्ती यांच्या समाधीभोवतीच्या संगमरवरी जाळीतून कडक ऊनही मवाळ होऊन आत येते. प्रकाश छिद्रांतून गाळून घेण्याची ही कल्पना आज कार्यालये, विमानतळ यांच्या छतांत वेगळ्या रूपात दिसते. तेथे स्लॅबखाली अ‍ॅल्युमिनिअमचे किंवा जस्तलेपित पोलादाचे बारीक छिद्रांचे पत्रे टांगलेले असतात.

ही छिद्रे केवळ शोभेची नसतात. बहुधा पत्र्याच्या पाठीवर कापडासारखा पातळ थर चिकटवलेला असतो. ध्वनिलहरी छिद्रांतून शिरून त्या थरात बऱ्याच अंशी विरतात. त्यामुळे गजबजलेल्या दालनातही आवाज फारसा घुमत नाही.

मग दिवे या छिद्रांमागेच का लावू नयेत? येथे साधे गणित उपयोगी पडते. पत्र्याचा २० टक्के भाग छिद्रांचा असेल, तर त्यावर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे २० टक्केच खाली उतरतो. पाठीमागचे कापड काळे असल्यास तेवढाही उतरत नाही. म्हणून असा प्रकाश स्वागतकक्षाची शोभा वाढवण्यास पुरेसा ठरतो; लेखन-वाचनाच्या टेबलावर मात्र साधारणतः ३०० ते ५०० लक्स प्रकाश लागतो. त्यासाठी पत्र्यांच्या आखणीतच जागा राखून स्वतंत्र दिवे बसवावे लागतात.

दिवे बसवताना सुरक्षिततेचा विचार अटळ आहे. एलईडी दिवा तापत नाही, हा गैरसमज होय. त्याची उष्णता मागच्या बाजूने बाहेर पडते. तेथे ध्वनिरोधक लोकर दाबून बसवली, तर उष्णता कोंडते आणि दिव्याचे आयुष्य घटते. जड दिव्याचा भार पत्र्यावर न टाकता तो थेट स्लॅबला टांगावा. एखादी तार सोलली गेल्यास धातूच्या पत्र्यात वीज उतरू शकते. म्हणून छताला अर्थिंग हवेच. दुरुस्तीसाठी पत्रा सहज उघडता यावा, हेही पाहावे.

छत पूर्ण झाल्यावर दिव्यासाठी पत्रा कापला, तर छिद्रांच्या रांगा तुटतात आणि पोलादाची उघडी पडलेली कड गंजू लागते. यासाठी वास्तुरचनाकार, वीजतंत्री आणि छत बसवणारा कारागीर यांनी आरंभीच एकत्र बसून एकच नकाशा ठरवावा. कागदावर खोडलेली रेघ पुन्हा काढता येते. पत्र्यात पाडलेले भोक बुजवता येत नाही.