मुंबईची 'सुहैली'

१९६८ च्या मार्च महिन्यात लंडनच्या 'संडे टाइम्स' वृत्तपत्राने एक विलक्षण शर्यत जाहीर केली. शिडाच्या नौकेतून एकट्याने, कोणत्याही बंदरात न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची. प्रथम परतणाऱ्यास सुवर्णगोलक आणि सर्वांत कमी दिवसांत फेरी पुरी करणाऱ्यास ५,००० पौंड.

नऊ जण निघाले. त्यांपैकी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या २९ वर्षांच्या व्यापारी जहाजावरील अधिकाऱ्याची नौका होती 'सुहैली'. लांबी अवघी ३२ फूट. ही नौका आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली, १९६४ च्या डिसेंबरात पाण्यात उतरलेली. बांधणी भक्कम, पण चाल संथ. सहलीची नौका, शर्यतीची नव्हे. वास्तविक त्यांना मोठी पोलादी नौका हवी होती, परंतु भांडवल पुरविणारा कोणी भेटला नाही. तेव्हा हाती होती तीच घेऊन १४ जून रोजी त्यांनी फालमथ बंदर सोडले. भांडवल न मिळणे हेच त्यांच्या पथ्यावर पडले, असे मला वाटते. याच नौकेने ते पूर्वी मुंबईहून लंडनला आले होते. तिचे गुणदोष त्यांना ठाऊक होते.

आणि दोष लवकरच उघडे पडले. अटलांटिकमध्येच तळाच्या फळ्यांतून पाणी आत येऊ लागले. भर समुद्रात बुडी मारून त्यांनी फटींत कापूस ठोसला. पुढे रेडिओ बंद पडला, ऑस्ट्रेलियाजवळ आपोआप सुकाणू सांभाळणारे यंत्र मोडले. न्यूझीलंड सोडल्यावर साडेचार महिने त्यांची काहीच खबर नव्हती.

दुसरे स्पर्धक डोनाल्ड क्रोहर्स्ट. ते स्वतः छोटे कारखानदार. त्यांनी घर आणि धंदा दोन्ही गहाण टाकून तीन सांगाड्यांची नवी वेगवान नौका बांधविली आणि शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, अपुऱ्या तयारीनिशी ते निघाले. नौका दक्षिण महासागरात टिकणार नाही, हे त्यांना थोड्याच दिवसांत कळून चुकले. परतावे तर दिवाळे, पुढे जावे तर मृत्यू! ते अटलांटिकमध्येच घुटमळत राहिले आणि रेडिओवरून खोट्या प्रगतीचे संदेश पाठवू लागले. नोंदवहीही दुहेरी झाली. ते पाठीवर आहेत या समजुतीने नायजेल टेटली यांनी आपली जीर्ण नौका दामटली. मे १९६९ मध्ये, घर जवळ आले असता, ती बुडाली. टेटली वाचले. पण आता रोख बक्षीस क्रोहर्स्ट यांच्याकडे चालून येणार होते, आणि त्याबरोबर नोंदवहीची तपासणीही. १ जुलैनंतर त्या वहीत काही लिहिलेले नाही. १० जुलैला नौका सापडली ती रिकामी.

'सुहैली' त्याआधीच, २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी फालमथला पोहोचली होती. नवांपैकी फेरी पुरी करणारी ती एकटीच. म्हणून रोख बक्षीसही नॉक्स-जॉन्स्टन यांनाच मिळाले. ते ५,००० पौंड त्यांनी क्रोहर्स्ट यांच्या पत्नी व चार मुलांसाठी देऊन टाकले. वहीतील लबाडी उघडकीस आल्यावरही त्यांनी तो निर्णय बदलला नाही.