पावसात घोड्याच्या पाठीवर काय टाकायचं? झूल घेण्याआधी हे वाचा

जून लागला की नेरळहून माथेरानला वर जाणारी मिनी ट्रेन बंद होते. १९०७ साली सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने हा लोहमार्ग उभा केला, तेव्हापासून घाटातला पाऊस आणि ही गाडी यांचं फारसं जमलेलं नाही. अमन लॉजपासून गावापर्यंतची शटल तेवढी चालू राहते. बाकी दस्तुरी नाक्यावर मोटार ठेवायची आणि पुढे पाय, अलीकडच्या काही ई-रिक्षा, नाहीतर घोडा. पावसाळ्यात पर्यटक कमी होतात, पण घोड्याचं खाणं कमी होत नाही. त्यामुळे बरेच घोडेवाले चिंब पावसातही घोडा घेऊन उभे असतात.

मागच्या पावसाळ्यात आमच्या वर्गातला एक मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी आला तेव्हा म्हणाला, "सर, घोडीच्या पाठीची सालं निघालीत. अब्बा तिला डॉक्टरांकडे घेऊन जातायत, म्हणून दुसऱ्या घोड्याबरोबर मीच होतो." शाळा सुटल्यावर आम्ही बघायला गेलो. घोडीच्या पाठीवर आणि पुठ्ठ्यावर केसांचे चिकटलेले गुच्छ, खाली खपल्या, खपली निघाली की लालसर ओली कातडी. हात लावला की घोडी अंग चोरायची.

हे हलगर्जीपणाने झालेलं नव्हतं. मुलाच्या वडिलांनी घोडीची फिकीर करूनच बाजारातून निळी ताडपत्री आणली होती, तिच्या मापाने कापली होती आणि सुतळीने बांधली होती. तीन आठवडे रात्रंदिवस ती ताडपत्री घोडीच्या अंगावर होती. पाऊस बाहेरच राहिला, पण आतला घामही आतच राहिला. नंतर जवळजवळ दोन महिने त्या पाठीवर खोगीर चढलं नाही. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घरात दोन महिने म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

आम्ही घोडेवाले नाही, मास्तर आहोत. पण त्यानंतर जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, चार जुन्या घोडेवाल्यांशी बोललो, मिळेल ते वाचलं. त्यातून जी गोष्ट ध्यानात आली ती बहुतेक लोकांना उलटी वाटेल. आपल्याकडच्या पावसात झूल उबेसाठी नसते. ती घोड्याला कोरडं ठेवण्यासाठी असते, आणि कोरडं म्हणजे पाण्यापासूनही आणि घामापासूनही.

थंडी हा आपला प्रश्न नाही

झुलींबद्दलचा बहुतेक सल्ला इंग्लंड-आयर्लंडकडून येतो. तिथे पाऊस आणि कडाक्याची थंडी एकत्र येतात, म्हणून तिथल्या झुलींत पॉलिस्टरचं भरण असतं. ते ग्रॅममध्ये सांगतात: १०० ग्रॅम, २०० ग्रॅम, ३०० ग्रॅम. हे झुलीचं एकूण वजन नसतं, एका चौरस मीटरमधल्या भरणाचं वजन असतं. ऑनलाइन बघताना २०० ग्रॅमची जाडजूड झूल भारी वाटते आणि माणूस तीच मागवतो. माथेरान-महाबळेश्वरच्या जुलैमध्ये ती झूल म्हणजे घोड्याला रजईत गुंडाळून उन्हाळ्यात बसवण्यासारखं आहे.

अंगावर पुरेसे केस आणि पोटात पुरेसा चारा असलेला मोठा घोडा साधारण ५ अंश सेल्सिअसपर्यंतची कोरडी थंडी आरामात सोसतो. गवत-कडबा पचताना त्याच्या आतड्यात जी आंबण्याची क्रिया होते, तिच्यातूनच त्याला ऊब मिळते. आपल्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात एवढी थंडी पडतच नाही. पडतो तो न थांबणारा पाऊस. केस दिवसेंदिवस ओले राहिले की कातडी मऊ पडते आणि डर्मॅटोफिलस नावाचा जिवाणू तिच्यात शिरतो. आमच्या विद्यार्थ्याच्या घोडीला तेच झालं होतं. या जिवाणूला ओल आणि ऊब दोन्ही आवडतात. ताडपत्रीखाली त्याला दोन्ही मिळतं.

म्हणून आपल्यासाठी झुलीच्या चिठ्ठीवर भरण शून्य ग्रॅम हवं. दुकानदार हिला 'रेन शीट' किंवा 'लाइट टर्नआउट' म्हणतात. 'स्टेबल रग' नावाची झूल घेऊ नका. ती तबेल्यात वापरायची असते, पाणी अडवत नाही, उलट पावसात भिजून घोड्यावर ओलं ओझं होते.

कापड कसं ओळखायचं

चिठ्ठीवर दुसरा आकडा असतो डेनिअरचा. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितकं डेनिअर. म्हणजे हा धाग्याच्या जाडीचा आणि पर्यायाने कापडाच्या टिकाऊपणाचा आकडा आहे, पाणी अडवण्याचा नाही. इथे पुष्कळ जण फसतात. ६०० डेनिअर शांत घोड्याला पुरतं. झाडाला अंग घासणारा, किंवा शेजारच्या घोड्याची झूल दातांनी ओढणारा महाभाग असेल तर १,२०० च्या आसपासचं घ्यावं.

पाणी किती अडतं आणि वाफ किती बाहेर जाते, हे वेगळे आकडे असतात. चांगल्या झुलीवर दोन्ही लिहिलेले असतात. पाण्याचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो: कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तरी ते झिरपत नाही, हे तो सांगतो. वाफेचा आकडा म्हणजे चोवीस तासांत एक चौरस मीटर कापडातून किती ग्रॅम वाफ बाहेर पडते तो. दोन्ही ३,००० किंवा त्याहून जास्त असतील तर बरं. फक्त 'वॉटरप्रूफ' लिहिलं असेल आणि वाफेबद्दल एक शब्दही नसेल, तर ती महागडी ताडपत्रीच समजा.

दुकानात आकडे नसतील तर एक साधी युक्ती आहे. कापडाच्या आतल्या बाजूला तोंड घट्ट टेकवून फुंकर मारू नका, नुसती वाफ सोडा, जशी आरसा पुसताना सोडतो. बाहेरच्या बाजूला धरलेल्या तळहाताला थोडीशीही ऊब जाणवली तर आशा आहे. ही काही प्रयोगशाळेतली परीक्षा नाही, पण मेणकापड आणि बऱ्या कापडातला फरक कळतो.

शिवण मात्र जरूर बघा. पाठीच्या कण्यावरून, बरोबर मधोमध शिवण गेलेली झूल आम्ही तरी घेणार नाही. पाणी पहिल्यांदा तिथूनच आत येतं. ज्या शिवणी टाळता येत नाहीत, त्यांच्यावर आतून पट्टी चिकटवलेली असावी. शेपटीवर फडका असावा, नाहीतर तिरका पाऊस मागून आत शिरतो.

परदेशी नावावर जाण्याची गरज नाही. खोगीर-लगामाच्या कामात कानपूरचं नाव मोठं आहे, तिथल्या खोगीर-साजाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे, आणि तिथे झुलीही शिवल्या जातात. चार-पाच घोडेवाल्यांनी मिळून माप देऊन मागवल्या तर भावही बरा पडतो.

माप

घोडा सपाट जागी चौरस उभा करा. शिंप्याची फीत छातीच्या मधोमध लावा, खांद्याच्या सर्वात पुढे आलेल्या भागावरून आडवी न्या आणि पुठ्ठ्याच्या शेवटापर्यंत, जिथे शेपटीची कड येते तिथपर्यंत धरा. दोघांनी मिळून मोजा, एकट्याने फीत सैल पडते. ब्रिटिश पद्धतीच्या झुली याच मापाने, तीन-तीन इंचांच्या फरकाने मिळतात: साडेपाच फूट, पाच फूट नऊ इंच, सहा फूट अशा. युरोपातल्या काही कंपन्या मात्र फक्त पाठीची लांबी सेंटिमीटरमध्ये देतात, खांद्याच्या उंचवट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत. एका पद्धतीचं माप घेऊन दुसऱ्या पद्धतीची झूल मागवली, असं होतं. मागवण्याआधी कुठली पद्धत ते विचारा. घोड्याच्या उंचीवरून अंदाज बांधू नका. आपल्याकडचे काटक, अरुंद छातीचे घोडे आणि तिकडची रुंद तट्टं एकाच उंचीची असली तरी अंगाने वेगळी असतात.

झूल आली की पावसात नको, आधी कोरड्यात घालून बघा. पुढची कड खांद्याच्या उंचवट्याच्या जरा पुढे, मानेच्या मुळाशी बसायला हवी. ती उंचवट्यावर किंवा त्याच्या मागे टेकली तर चार दिवसांत तिथे जखम होणार, आणि तीच तर खोगिराची जागा. गळ्याशी तळहात सपाट आत गेला पाहिजे. घोड्याला खाली वाकून गवत खाऊ द्या, दोन पावलं चालवा. खांदा पुढे जाताना कापड ताणलं तर झूल लहान आहे, किंवा तिच्या खांद्याला घोळ दिलेला नाही. खालची कड पोटाच्या थोडी खाली यायला हवी.

पोटाखालचे पट्टे एकमेकांना छेद देऊन बांधायचे, पट्टा आणि पोट यांच्यामध्ये हाताचा पंजा मावेल एवढी ढील ठेवून. जास्त सैल सोडले तर बसताना-उठताना त्यात पाय अडकतो. मागच्या मांडीचे पट्टे एकातून एक ओवून घ्यायचे, म्हणजे मांडी घासत नाही.

घालताना झूल आधी थोडी पुढे, मानेवर टाका आणि केसांच्या दिशेने मागे सरकवा. मागून पुढे ओढली तर खालचे केस उलटे उभे राहतात आणि टोचत राहतात. आधी छातीचे बकल लावा, मग पोटाचे पट्टे, शेवटी मांडीचे. काढताना बरोबर उलट: मांडीचे आधी, छातीचे शेवटी. छाती उघडी आणि मांडी बांधलेली असताना घोडा बुजला तर अख्खी झूल मागच्या पायांत येते, आणि मग त्याला आवरणं कठीण.

झूल घातली म्हणजे काम संपलं नाही

रोज एकदा झूल पूर्ण काढा. खरारा करा, खांदे, छाती, उंचवटा हाताने चाचपा. केस झडलेली जागा म्हणजे जखमेची पहिली खबर. दुपारी ऊन पडलं, जे आपल्याकडे पावसातही अचानक पडतं, तर झुलीखाली हात घाला. दमट आणि गरम लागलं तर काढून टाका. एकाची झूल दुसऱ्याला घालू नका, विशेषतः खपल्या दिसत असतील तर. असा घोडा हाताळल्यावर आपले हातही साबणाने धुवा, हा जिवाणू कधीकधी माणसालाही लागतो. खपल्या ओढून काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

भिजून आलेल्या घोड्यावर लगेच पावसाची झूल चढवायची नाही. आधी अंगावरचं पाणी निपटून काढा. एका जुन्या घोडेवाल्या चाचांनी आम्हाला जी पद्धत दाखवली ती इंग्रजांच्या पागांमध्येही वापरली जायची. ओल्या पाठीवर कोरडा पेंढा पसरायचा आणि त्यावर गोणपाट टाकून सैलसर बांधायचं. पेंढ्यामुळे मधून हवा खेळते, ओल वर गोणपाटात येते, आणि थोड्या वेळाने खालची पाठ कोरडी मिळते. खर्च जवळजवळ शून्य. घरात घोंगडी असेल तर तीही चालते, लोकर ओल शोषूनही ऊब धरते.

पर्यटक बसलेला असताना पूर्ण झूल घालता येत नाही. त्यासाठी खोगिराच्या मागून पुठ्ठा झाकणारी आखूड झूल मिळते, तिला शेपटीखालून जाणारी दोरी असते म्हणजे वाऱ्याने उडत नाही. कंबर आणि पुठ्ठा भिजत नाही, हा तिचा फायदा. मात्र नव्या घोड्याला ती आधी मोकळ्या जागेत सवयीची करा. फडफडणाऱ्या कापडाला घोडा बिचकतो, आणि त्याच्या पाठीवर कुणाचं तरी लेकरू असतं.

आता एक गोष्ट, जी दुकानदार सांगणार नाही. प्रत्येक घोड्याला झूल लागतेच असं नाही. धडधाकट, भरल्या अंगाचा, याच हवेत वाढलेला घोडा असेल आणि डोक्यावर न गळणारं छप्पर असेल, तर तो झुलीशिवाय पावसाळा काढतो. त्याच्या केसांवर नैसर्गिक तेल असतं, पाणी त्यावरून निथळून जातं. पावसाळ्यात सारखा शाम्पू लावून ते तेल घालवू नका, एवढंच. झूल हवी ती म्हाताऱ्या, अशक्त, नुकत्याच आजारातून उठलेल्या जनावराला. आणि नव्याने आलेल्याला. डिसेंबरच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलेला, राजस्थान-गुजरातच्या कोरड्या हवेत वाढलेला घोडा जूनमध्ये पहिल्यांदाच असा पाऊस बघतो.

हातात पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आमचं मत विचाराल तर आधी छप्पर आणि जमीन. पाय सतत चिखलात असतील तर झूल काही करू शकत नाही. खुराच्या वरची कातडी फुटते, खुराचा तळ कुजायला लागतो. लाल मातीवर खडी आणि थोडा उतार, एवढ्यानेही पाणी निघून जातं. ते झालं की झूल.

आणि शक्य असेल तर एकाऐवजी दोन साध्या झुली घ्या, एकच भारी घेण्यापेक्षा. पावसाळ्यात कापड वाळायला दोन दिवस लागतात आणि ओली झूल परत घालणं म्हणजे पुन्हा तीच ताडपत्री. वाळवताना चुलीवर किंवा शेगडीजवळ टांगू नका, आतला पाणी अडवणारा थर तडकतो. धुताना गरम पाणी आणि कपड्यांची पावडर नको, थंड पाणी आणि मऊ ब्रश पुरे. एक-दोन हंगामांनी पाणी कापडावर थेंब होऊन न थांबता पसरायला लागलं की पाणी रोखणारा फवारा मारून बघा, लगेच फेकून देऊ नका.

आमच्या विद्यार्थ्याच्या घरी यंदा दोन शून्य-ग्रॅमच्या झुली आल्यात, एक नवी आणि एक जुनी, शिंप्याकडून दुरुस्त केलेली. घोडीच्या पाठीवर केस पुन्हा आलेत, दोन ठिकाणी पांढरे. निळी ताडपत्री आता कडब्यावर घातलेली आहे.