रेंज फुल्ल, नेट गुल!

सकाळी साडेआठला दादरच्या फलाटावर उभे राहा आणि गंमत बघा. पुलाच्या जिन्यासमोर थांबणाऱ्या डब्यात मुंगीला शिरायला जागा नसते. चार डबे पुढे मात्र निदान श्वास तरी घेता येतो. गाडी तीच, तिकीट तेच. मग सगळे त्याच डब्यात का घुसतात? कारण जिना उतरलं की समोर तोच दिसतो!

तुमच्या ऑफिसातलं वायफाय रोज हेच करतं, बॉस.

ऑफिसच्या छताला चार-सहा ॲक्सेस पॉइंट लावलेले असतात, ते पांढरे, चपटे, छोटा दिवा असलेले. सकाळी आत शिरताना तुमचा फोन रिसेप्शनवरचा ॲक्सेस पॉइंट पकडतो. तुम्ही मजल्याच्या दुसऱ्या टोकाला जागेवर जाऊन बसता, पण फोन जुनी सोयरीक सोडत नाही. तुमच्याबरोबर आत आलेल्या पन्नास जणांचंही तेच. रिसेप्शनवरचा बिचारा घामाघूम आणि तुमच्या डोक्यावरचा माशा मारत बसलेला! मग अकराच्या क्लायंट कॉलवर तुमचा चेहरा गोठतो, आवाज रोबोसारखा येतो आणि ‘याची तयारीच नव्हती’ असा समज करून समोरचा मोकळा होतो. अप्रेझलच्या फॉर्मवर ‘त्या दिवशी नेट गंडलं होतं’ असा कॉलम नसतो!

निवड फोनची, नेटवर्कची नाही

मोबाइलचं नेटवर्क तुम्हाला एका टॉवरवरून दुसऱ्यावर नेतं. वायफायमध्ये मात्र कोणाला पकडायचं आणि कधी सोडायचं, हे तुमचा फोन किंवा लॅपटॉपच ठरवतो. ॲपलनेच जाहीर केलेल्या माहितीनुसार आयफोन सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली घसरेपर्यंत दुसरा ॲक्सेस पॉइंट शोधायलाच लागत नाही. तोवर ‘चाललंय ना, चालू दे!’ आणि स्क्रीनवरच्या त्या काड्या फक्त सिग्नलचा जोर सांगतात. रांगेत तुमच्यापुढे किती जण आहेत, ते सांगत नाहीत.

एक हळू, सगळे हळू

वायफाय हे एका माइकवरच्या सभेसारखं असतं. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं. लांब बसलेल्याचा सिग्नल कमजोर, त्यामुळे तो सावकाश बोलतो आणि माइक अडवून ठेवतो. २००३ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं. त्या काळातल्या ११ एमबीपीएसच्या वायफायवर १ एमबीपीएसने चालणारं एकच यंत्र आलं, तर बाकीच्यांचाही वेग १ एमबीपीएसच्या खाली येत होता. कारण प्रत्येकाला बोलण्याची संधी सारखी मिळते, वेळ सारखा नाही. आता वेग कितीतरी वाढलेत, पण रिसेप्शनला चिकटून लांब बसलेला तुमचा फोन आजही सगळ्यांचा वेळ खातो.

मग अजून डबे लावा ना!

बहुतेक साहेबांना हाच उपाय सुचतो. पण जून २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्ज आयफोन ४ दाखवत होता आणि स्टेजवरच त्याचं वायफाय रुसलं. कारण? त्या हॉलमध्ये ५७० वायफाय बेस स्टेशन्स चालू होती, त्यातली बरीचशी पत्रकार-ब्लॉगरमंडळींच्या खिशातली. शेवटी लॅपटॉप आणि वायफाय बंद करा, अशी विनंती खुद्द जॉब्जला करावी लागली!

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. सातवा डबा लावला की तो कोणाच्या तरी अंगावर बोलणारच.

गर्दी पांगवायची कशी?

चांगला आयटीवाला आधी ॲक्सेस पॉइंटचा आवाज कमी करतो, म्हणजे रिसेप्शनवरचा शेवटच्या टेबलापर्यंत ऐकूच जात नाही. मग तो अगदी कमी वेग बंद करतो, म्हणजे लांबून लोंबकळणारे आपोआप सुटतात. ज्यांना जमेल त्यांना ५ गिगाहर्ट्झवर ढकलतो, तिथे चॅनल जास्त आहेत.

पुढची पायरी म्हणजे लोड बॅलन्सिंग. भरलेला ॲक्सेस पॉइंट नव्या माणसाला ‘जागा नाही’ म्हणतो. पण काही हट्टी लॅपटॉप तिथेच पुन्हा पुन्हा कडी वाजवतात, त्यामुळे दोन-चार नकारांनंतर त्यांना आत घ्यावंच लागतं. शिवाय नुसती डोकी मोजून भागत नाही. व्हॉट्सॲपवरचे दहा जण परवडले, व्हिडिओ कॉलवरचे तिघे नाहीत!

म्हणून जबरदस्तीपेक्षा गोडीगुलाबी बरी. २००८ मध्ये आलेलं ८०२.११के फोनला शेजारच्या ॲक्सेस पॉइंटची यादी देतं. २०११ चं ८०२.११व्ही ‘तिकडे जाता का?’ असं सुचवतं. आणि ८०२.११आर, हेही २००८ चंच, ही बदली इतकी झटपट करतं की कॉल तुटत नाही. तरीही शेवटचा शब्द फोनचाच.

तुमच्या हातात काय?

- मीटिंग रूममध्ये पोचलात की वायफाय एकदा बंद करून पुन्हा चालू करा. फोन नव्याने शोध घेतो आणि बहुतेक वेळा जवळचा ॲक्सेस पॉइंट पकडतो.
- खिशातला हॉटस्पॉट ऑफिसात बंद ठेवा. तोही गर्दीच करतो.
- महत्त्वाचं प्रेझेंटेशन असेल तर सरळ केबल लावा. तिथे रांग नाही.
- आयटीकडे नुसतं ‘नेट स्लो आहे’ म्हणून ओरडू नका. ‘मंगळवारी तीन वाजता, पॅन्ट्रीशेजारच्या खोलीत, काड्या फुल्ल असताना कॉल तुटला’ असं सांगा. एवढ्यावरून त्याला नेमका डबा सापडतो, आणि तुम्ही त्या वेळी झोपा काढत नव्हता, याची नोंदही राहते!