दूरस्थ सूर्याचे गुरुत्वाकर्षण व काळाची गती

गुरुत्वाकर्षणामुळे काळाची गती मंदावते, हे विधान आता मुलांच्या पुस्तकांतूनही आढळते. वरच्या इयत्तेतील एखादा चौकस विद्यार्थी त्यावर हटकून विचारतो, “गुरुजी, सूर्य तर पृथ्वीहून कितीतरी मोठा, मग त्याच्यामुळे आपली घड्याळे मागे पडतात की नाही?” ‘सूर्य फार दूर आहे, त्याची ओढ येथे जाणवत नाही, म्हणून पडत नाहीत,’ हे उत्तर सहज तोंडी येते. ते उत्तर चुकीचे आहे. ते का चुकीचे, एवढे उमगले म्हणजे विषयाचे मर्म हाती आले असे समजण्यास हरकत नाही.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. आल्बर्ट आइन्स्टाईन यांनी हा विचार १९०७ मध्ये मांडला व १९१५ मध्ये पूर्ण केलेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात त्यास पक्के रूप दिले. जड वस्तूच्या जवळ ठेवलेले घड्याळ दूरच्या घड्याळाहून हळू चालते. घड्याळाच्या यंत्रात बिघाड होतो असे नव्हे. अणूंचे कंपन, नाडीचे ठोके, बीजाचे अंकुरणे, सर्वच क्रिया तेथे सारख्या प्रमाणात मंदावतात. म्हणून त्या जागी असलेल्यास काहीही जाणवत नाही. दोन ठिकाणच्या घड्याळांची तुलना केली तरच फरक कळतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाउंड व रेब्का यांनी केवळ २२.५ मीटर उंचीच्या मनोऱ्यात हा परिणाम मोजून १९६० मध्ये प्रसिद्ध केला. पुढे जपानी शास्त्रज्ञांनी टोकियो येथील उंच मनोऱ्यावर, जमिनीपासून ४५० मीटरांवर, एक अतिसूक्ष्म घड्याळ ठेवले. ते खालच्या घड्याळापेक्षा दररोज सुमारे ४ अब्जांश सेकंद पुढे जाते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

आता चुकीकडे वळू. ‘जेथे ओढ अधिक तेथे काळ मंद’ असा नियम पुष्कळांच्या मनात बसलेला असतो. पृथ्वीच्या केंद्राचाच विचार करावा. तेथे सर्व बाजूंची ओढ परस्परांस छेदते व वजन शून्य होते. तरीही पृथ्वीवर काळ सर्वांत मंद चालतो तो तेथेच. साडेचार अब्ज वर्षांच्या आयुष्यात पृथ्वीचे केंद्र तिच्या पृष्ठभागाहून सुमारे अडीच वर्षांनी लहान राहिले आहे. याचा अर्थ असा की, काळाची गती ओढीवर ठरत नाही. त्या जागेवरून एखादी वस्तू उचलून पार दूर न्यावयाची तर एकंदर किती श्रम पडतील, यावर ती ठरते. शास्त्रात यास गुरुत्वीय विभव म्हणतात; वर्गात ‘खोली’ म्हटले तरी चालेल.

एका विस्तीर्ण खोऱ्याच्या तळाशी शेत आहे आणि शेतात विहीर आहे, अशी कल्पना करावी. विहिरीचा कठडा उभा आहे, तेथे तोल गेला तर माणूस धाडकन पडेल. खोऱ्याचा उतार इतका मंद की चालणाऱ्यास तो कळतही नाही. तरीसुद्धा घाटमाथ्यापासून मोजले तर खोऱ्याची खोली विहिरीच्या कितीतरी पट भरते. पृथ्वी ही ती विहीर आणि सूर्य हे ते खोरे होय. (खोऱ्याचा उतार म्हणजे ओढ, हे मुलांना निराळे सांगावे लागते.)

फळ्यावर गणित मांडावे. सूर्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३,३३,००० पट आहे आणि त्याचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे २३,५०० पट आहे. ओढ अंतराच्या वर्गाने घटते, म्हणून २३,५०० ने दोनदा भागावे. सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीचा जेमतेम सोळाशेवा हिस्सा उरते. खोली मात्र अंतराच्या साध्या प्रमाणातच घटते, म्हणून एकदाच भागावे; उत्तर १४ येते. दूर अंतराळातील घड्याळाच्या मानाने येथील घड्याळ पृथ्वीमुळे दिवसाला सुमारे ६० दशलक्षांश सेकंद मागे पडते, तर सूर्यामुळे सुमारे ८५० दशलक्षांश सेकंद. आकाशगंगेची ओढ सूर्याच्या ओढीपुढेही नगण्य आहे, पण तिची खोली सूर्याच्या शंभर पटींहून अधिक भरते.

मग हे कोणास कळत का नाही? पृथ्वीवरील सर्व घड्याळे त्याच खोऱ्यात आहेत आणि सारखीच मंदावतात. परस्परांशी ताडून पाहता सूर्याचा परिणाम दिसत नाही. बाहेरचे घड्याळ हवे, आणि ते निसर्गाने दिले आहे. स्पंदक तारे स्वतःभोवती अत्यंत नियमितपणे फिरतात व त्यांचे रेडिओ ठोके येथे येतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या साहाय्याने असे ठोके मोजले जातात. पृथ्वीची कक्षा किंचित लांबट असल्याने जानेवारीच्या आरंभी ती सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरांवर असते, तर जुलैच्या आरंभी १५.२ कोटींवर. जवळ असताना ती खोऱ्यात अधिक खोल असते आणि तिचा वेगही वाढतो. वेगानेही काळ मंदावतो, आणि या चढउतारात दोन्ही कारणांचा वाटा निम्मा-निम्मा आहे. परिणामी ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत येथील घड्याळे आपल्या वार्षिक सरासरी चालीच्या मानाने सुमारे ३.३ सहस्रांश सेकंद मागे पडतात आणि पुढील सहा महिन्यांत तेवढीच पुढे येतात. स्पंदकांचे ठोके दशलक्षांश सेकंदापर्यंत मोजणाऱ्यास हा फरक फार मोठा आहे. तो वजा केल्यावाचून तेथील एकही मोजणी पुढे जात नाही.